मुलाच्या खिशात चिलीम सापडली, तर?

मागे एका रविवारी विहारातील वंदना आटोपली. मंडळी पांगली आणि आम्ही सतरंज्या गुंडाळू लागलो. तरी एक माउली दाराशी घुटमळत उभीच होती. जवळ आली, इकडेतिकडे पाहिले आणि पदराची गाठ सोडली. आत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद होता. मधोमध काळा डाग पडलेला. सोबत दहाच्या नोटेची घट्ट गुंडाळलेली नळी.

"दादा, पोराच्या पँटीत हे गावलं. धुवायला टाकली व्हती. नुसतं हे खिशात सापडलं म्हनून पोलीस धरत्यात का वो?"

आमच्या वस्तीत त्या चंदेरी कागदाला पन्नी म्हणतात. गर्द ओढणाऱ्याजवळ ती असतेच. गांजावाल्याजवळ चिलीम आणि तिला गुंडाळायची साफी असते, आणि शिरेतून घेणाऱ्याजवळ सुई. माउलीला हे ठाऊक नव्हते. पण ही वस्तू चांगली नाही एवढे तिच्या आईच्या मनाने ओळखले होते. तिने मुलगा आजारी आहे का, असे विचारले नाही. पोलीस धरतील का, हेच आधी विचारले. गरिबाच्या घरात दवाखान्याच्या आधी चौकीची आठवण होते, ही आपल्या जिण्याची रीतच झाली आहे.

आम्हांला त्या घटकेला उत्तर देता आले नाही. आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. खतावणी कळते, कायद्याची कलमे कळत नाहीत. मग एका वकील मित्राकडे चार संध्याकाळी बसलो, कायद्याचे पुस्तक समोर ठेवून ओळ न् ओळ समजून घेतली. जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही पन्नी उद्या कोणाच्याही दोरीवरच्या कपड्यांत निघू शकते.

वस्तू वेगळी, माल वेगळा

आपल्या देशात अमली पदार्थांसाठी मुख्य कायदा एकच आहे. त्याचे लांबलचक नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५'. वर्तमानपत्रांत त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो देशभर लागू आहे. गांजा, चरस, अफू, गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, कोकेन, आणि हल्ली पोरांच्या तोंडी असलेली एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे सर्व त्यात येते.

या कायद्यात अमली पदार्थ बाळगणे हा गुन्हा आहे. त्याचे सेवन करणे हाही गुन्हा आहे. पण ओढणाऱ्याची चिलीम, पन्नी किंवा नळी बाळगली, एवढ्यासाठी शिक्षा सांगणारे वेगळे कलम त्यात नाही. साधनांचा उल्लेख येतो तो दोन ठिकाणी. कलम ५४ प्रमाणे, माल तयार करण्यासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रे वा भांडी कोणाकडे सापडली आणि ती का बाळगली हे त्याला नीट सांगता आले नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध गृहीत धरू शकते. आणि कलम ६० प्रमाणे गुन्ह्यात वापरलेले साहित्य सरकारजमा होते.

आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचीही तीच रीत आहे. हातभट्टीची पिंपे, रसायन, नळ्या बाळगणे हा कलम ६५ खाली गुन्हा ठरतो. तेथेही कायद्याची नजर गाळणाऱ्याच्या सामानावर आहे, पिणाऱ्याच्या पेल्यावर नाही.

मग रिकामी चिलीम खिशात असली तर निर्धास्त राहावे काय? मुळीच नाही. चिलमीत राख असते, पन्नीवर चिकटा असतो. तो प्रयोगशाळेत तपासायला गेला आणि त्यात अमली पदार्थ निघाला, तर बाळगण्याचे किंवा सेवनाचे प्रकरण उभे राहू शकते. म्हणजे शिक्षा वस्तूसाठी नाही, पण वस्तू मालाकडे बोट दाखवते.

अमेरिकेने वस्तूलाच गुन्हा ठरवले

माउलीच्या मनात जी भीती होती, तसा कायदा जगात खरोखरच आहे. अमेरिकेत फौजदारी कायदे बहुतांशी प्रत्येक राज्य आपापले करते. १९७९ साली तेथील केंद्र सरकारच्या अमली पदार्थ खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. चिलीम, नळी, सुई, माल मोजायचा तराजू, अशी साधने नशेसाठी बाळगणे हाच गुन्हा ठरवावा, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या काळात बहुतेक राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले.

शिक्षा मात्र राज्याची वेस ओलांडली की बदलते. टेक्सासमध्ये असे साधन बाळगल्यास ५०० डॉलरपर्यंत दंड. तीच वस्तू घेऊन माणूस फ्लोरिडात सापडला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

या कडकपणाने नशा थांबली असती तर आम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण इंडियाना राज्यातील स्कॉट परगण्यात काय झाले ते पाहा. तेथील ऑस्टिन हे जेमतेम चार हजार वस्तीचे गरीब गाव. लोक वेदनाशामक गोळ्या विरघळवून सुईने घेऊ लागले. सुई बाळगली तर गुन्हा, म्हणून नवी सुई जवळ ठेवायची भीती. मग एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. जेथे वर्षाला पाचहूनही कमी एचआयव्हीचे रुग्ण निघत, तेथे नोव्हेंबर २०१४ ते १ नोव्हेंबर २०१५ या एका वर्षात १८१ जणांना लागण झाल्याचे आढळले. मार्च २०१५ मध्ये राज्यपालांना आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि ज्या सुया काल गुन्हा होत्या त्याच सुया सरकारी परवानगीने वाटाव्या लागल्या. पुढे २०२३ साली मिनेसोटा राज्याने तर साधन बाळगणे हा गुन्हाच कायद्यातून काढून टाकला.

आपल्याकडे या बाबतीत शहाणपण आधी सुचले, हे नमूद केले पाहिजे. शिरेतून नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया देण्याचा आणि त्यांना तोंडावाटे घ्यायच्या औषधावर आणण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत चालतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेले असे काम गुन्हा ठरत नाही. एखादा कार्यकर्ता वस्तीत सुया बदलून देताना दिसला, तर त्याला हाकलू नका. तो नशा वाढवायला आलेला नाही, रोग थांबवायला आलेला आहे.

सगळा खेळ ग्रॅमचा

आता आपल्या कायद्याचा कणा सांगतो. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. वजनाच्या तीन पायऱ्या आहेत: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंच्या मधले. आकडे कापून घरात लावण्यासारखे आहेत.

गांजा: १ किलोहून कमी ते अल्प, २० किलोहून जास्त ते व्यापारी.
चरस: १०० ग्रॅमहून कमी ते अल्प, १ किलोहून जास्त ते व्यापारी.
गर्द (हेरॉईन): ५ ग्रॅमहून कमी ते अल्प, २५० ग्रॅमहून जास्त ते व्यापारी.
कोकेन: २ ग्रॅमहून कमी ते अल्प, १०० ग्रॅमहून जास्त ते व्यापारी.
एमडी: २ ग्रॅमहून कमी ते अल्प, ५० ग्रॅमहून जास्त ते व्यापारी.

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. केवळ सेवनाला कलम २७ खाली, गर्द वा कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासारख्या इतर पदार्थांना सहा महिने किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

पाच ग्रॅम म्हणजे किती? अर्ध्या तोळ्याहूनही कमी. तेवढी पूड कागदाच्या दोन-चार पुड्यांत मावते. आणि त्यात एक मेख आहे. गर्दात विकणारे भेसळ करतात. पूर्वी शुद्ध अंशाचेच वजन धरावे की काय, असा वाद होता. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात निकाल दिला, की भेसळीसकट सगळ्या पुडीचे वजन धरायचे. म्हणजे विकणाऱ्याने घातलेली भुकटीदेखील आपल्या पोराच्या शिक्षेत मोजली जाते! "मित्रासाठी पण एक पुडी घेऊन ठेवली" एवढ्या दोस्तीपायी एक वर्षाचे कलम दहा वर्षांचे होऊ शकते.

व्यापारी प्रमाणात जामीनही दुरापास्त. कलम ३७ प्रमाणे, आरोपी दोषी नसावा असे मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. अल्प प्रमाणाला ही कडक अट नाही.

झडती आणि अटक: हक्क माहीत असू द्या

अंगझडती घेण्यापूर्वी, "राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती द्यायचा तुम्हांला हक्क आहे" असे सांगणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे काटेकोरपणे पाळले पाहिजे असे बजावले. हा हक्क अंगाच्या झडतीपुरता आहे, हातातल्या पिशवीला तो लागू नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची, दुसऱ्या कोणी नाही.

अटक झाल्यास कारण सांगितले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. हा हक्क बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये. वकिलाला पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळू नयेत. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, मूल आणि कोठडीतला माणूस यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे लाभ मिळतात. जातीचा दाखला घरात तयार असावा, हे आमचे कारकुनी टुमणे येथेही लावतोच.

मुलगा अठराच्या आतील असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. त्याच्या वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, लगेच पोहोचवावा.

खोटी खबर देऊन कोणी कोणाला अडकवू पाहिले, तर कलम ५८ खाली खबर देणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भाऊबंदकीची भांडणे या कायद्यातून मिटवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्याचे गाठोडे घरात नको

आमच्या माता-भगिनींना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. मोठे व्यापारी स्वतःच्या घरी माल ठेवीत नाहीत. गरिबाची खोली शोधतात. "मावशी, ही पिशवी दोन दिवस माळ्यावर राहू द्या, पाचशे रुपये घ्या," असे गोड बोलून जातात. कलम २५ म्हणते, की आपली खोली किंवा रिक्षा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. पिशवीत ५० ग्रॅमहून जास्त एमडी निघाली, तर पाचशे रुपयांपायी किमान दहा वर्षे. "मला माहीत नव्हते" हे आरोपीने सिद्ध करायचे, कारण कलम ३५ प्रमाणे न्यायालय मनातला हेतू आधी गृहीत धरून चालते.

पोरांकडून पुड्या पोहोचवून घेणाऱ्यांनाही कायदा सोडत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, मुलाला नशेचा पदार्थ देणे किंवा त्याच्याकडून तो विकवून घेणे यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गल्लीच्या तोंडाशी कोण पोरांना खुणावतो हे आपल्याला ठाऊक असते. चार बायकांनी मिळून तक्रार दिली तर ती कागदावर येते. एकटीने दिली तर ती तिच्या अंगावर येते. म्हणून महिला मंडळाच्या नावाने द्यावी.

कायद्यातले उघडे दार

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. या कडक कायद्यात एक दार उघडे आहे आणि आपल्या फार थोड्या लोकांना ते दिसले आहे. त्याचे नाव कलम ६४-अ.

व्यसनाच्या आहारी गेलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, आणि तो स्वखुशीने सरकारी, पालिकेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेत उपचार घेत असेल, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पुरे झाले पाहिजेत. अर्धवट सोडून पळाला तर हे संरक्षण काढून घेता येते. शिवाय दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ प्रमाणे न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी, त्याच्या संमतीने, उपचाराला पाठवू शकते.

म्हणजे कायद्यानेच कबूल केले आहे, की विकणारा वेगळा आणि आजारी वेगळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून जडलेल्या विकाराला मानसिक आजारात धरले आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. जो कायद्याला कळला तो भेद आपल्या घराला का कळू नये? आपण पोराला खांबाला बांधतो, उपाशी ठेवतो, गावी धाडतो, लग्न करून देतो. शेवटच्या उपायाने तर एका परक्या लेकीचा जन्म फुकट जातो.

पोलिसांनी धरण्याची वाट पाहू नका. आधीच न्या. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. जवळचे केंद्र तेथे विचारा. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. केंद्र सरकारी किंवा मान्यताप्राप्त आहे याची खात्री करून घ्या, कारण कलमाचा लाभ त्यावरच अवलंबून आहे. आणि प्रत्येक कागद जपा: केसपेपर, दाखल झाल्याची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या, सुटीचे कार्ड. उद्या न्यायालयात तुमचे अश्रू नोंदीला लागत नाहीत, हे कागद लागतात.

आपण पंचशील म्हणतो तेव्हा पाचवे शील नशेपासून दूर राहण्याचे म्हणतो. ते शील मोडलेल्याला वस्तीबाहेर हाकला, असे त्यात कोठेही नाही. मोडलेले शील पुन्हा घेता येते. दर रविवारी आपण ते पुन्हा घेतोच की.

त्या माउलीला आम्ही पुढच्या रविवारी हे सगळे सांगितले. तिने एकच विचारले, "म्हंजे आधी दवाखान्यात न्यायचं, न्हाय का?" सोमवारी तिने कामावर खाडा केला. मुलगा दाखल झाला, नवव्या दिवशी पळून आला. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. जेवू घातले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेली. या वेळी मंडळाचे दोन तरुण सोबत होते. आज तो तेथेच आहे. बरा होईल असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याचे नाव चौकीच्या वहीत नाही, दवाखान्याच्या वहीत आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या दोरीवरचे कपडे चाचपून पाहा. काही सापडले तर लपवू नका, मारू नका, लाजू नका. विहारात या. सोबत येणारे कोणी ना कोणी तेथे भेटेल.